लेबलाखालची मोकळी जागा

१

सकाळी सातला ताई प्रयोगशाळेत यायच्या आणि हात धुण्याआधीच इनक्युबेटरच्या काचेतून आत डोकावून म्हणायच्या, "काय गं थोरले, झाली का झोप?"

सव्वीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. नवीन आलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि महिना-दोन महिन्यांत स्वतःच तसं म्हणायला लागायच्या. थोरली म्हणजे कोणी बाई नव्हे. म्हणजे एके काळी होती. आता ती चपट्या, पारदर्शक बाटल्यांच्या तळाशी वाढणाऱ्या पेशी होती. एकतीस वर्षांपूर्वी कुणा बाईची गाठ काढली, तिचा तुकडा सरांनी बाटलीत ठेवला. सर म्हणजे ही प्रयोगशाळा उभी करणारे डॉक्टर. असे तुकडे त्यांनी त्याआधी शेकड्याने ठेवले होते आणि सगळ्यांनी आठवड्याच्या आत माना टाकल्या होत्या. ही मात्र जगली, वाढली, दर दोन दिवसांनी दुप्पट होत राहिली.

ताईंना तिचं भारी कौतुक. शेजारच्या कप्प्यातली धाकटी, म्हणजे उंदराच्या पेशी, महा नखरेल. अर्धा अंश ऊब कमी झाली की रुसल्याच. थोरलीला एकदा सहा तास वीज नव्हती, एकदा सुट्टीच्या घोळात चार दिवस कुणी गुलाबी खाऊ बदलला नव्हता. पेशींच्या अन्नाला ताई खाऊच म्हणत. थोरलीने कधी तक्रार केली नाही. वर तिच्या पेशी एक असं द्रव्य बनवायच्या जे काही मुलांच्या रक्तात जन्मापासून बनतच नाही. ते गाळून, शुद्ध करून त्याचं इंजेक्शन व्हायचं. बाहेर कुठे मिळत नव्हतं, इथेच बनायचं, आणि समोरच्या इस्पितळात एक्केचाळीस मुलांना महिन्याला एक याप्रमाणे दिलं जायचं.

त्या एक्केचाळिसांतली एक ताईंची लेक, ठकी. वय सोळा, तोंड सव्वीसचं. आईच्या ताटातलं, आईच्या पर्समधलं, आईच्या कपाटातलं काहीही न विचारता उचलायचं हा तिचा हक्क होता. "घे की, विचारतेस काय," असं ती स्वतःच्या वस्तूंबद्दलही म्हणायची, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. सहा वर्षांपूर्वी हीच पोरगी जिना चढताना मध्ये दोनदा बसायची. ताई थोरलीला हाक मारायच्या ती उगाच नाही.

२

बाटलीचा तळ पेशींनी काठोकाठ भरला की ताई म्हणायच्या, "फरशी भरली." फरशी भरल्याशिवाय बाटलीतलं औषध काढायचं नाही, हा सरांनी घातलेला नियम. अर्धवट भरलेल्या बाटलीतलं औषध कच्चं निघतं.

त्या मंगळवारी ताईंनी पहिली बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवली. फरशी भरली होती, पण मधोमध एक मोकळी जागा होती. काडेपेटीएवढी, सरळ कडांची, चार कोपऱ्यांची. पेशी त्या रेषेपर्यंत खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या आणि रेषेच्या आत एकही नव्हती.

ताईंनी दुसरी बाटली ठेवली. तीच जागा. बाराच्या बारा बाटल्या पाहिल्या. मग त्यांनी बाटली हातात घेऊन वरून पाहिलं. बाटलीच्या वरच्या अंगाला लेबल होतं. मोकळी जागा बरोब्बर त्या लेबलाच्या खाली होती.

लेबलं नवी होती. आजवर ताई स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर 'थोरली' लिहून तारीख टाकायच्या. गेल्या आठवड्यात कार्यालयाने छापील लेबलांचं बंडल पाठवलं. त्यावर एक नंबर होता आणि खाली ठळक अक्षरात 'मालकी: संस्था'. थोरलीची कायदेशीर नोंदणी व्हायची होती म्हणे.

"डिंक," ताई स्वतःशी म्हणाल्या. "स्वस्तातला डिंक घेतला असणार. प्लास्टिकमधून पाझरतोय."

पेशी डिंकाला घाबरतात इथवर ठीक होतं. डिंक कोपरे इतके नेमके कापतो का, हा विचार त्यांनी बाजूला सारला आणि धाकटीच्या बाटल्यांवर तीच लेबलं चिकटवून घरी गेल्या.

३

दोन दिवसांनी धाकटीची फरशी लेबलाखालीसुद्धा छान भरली होती. डिंक सुटला बिचारा.

थोरलीची मोकळी जागा मात्र वाढली होती. ताईंनी मग एकेका बाटलीवर वेगवेगळं करून पाहिलं. लेबल बाटलीच्या डाव्या टोकाला लावलं, तर जागा डाव्या टोकाला गेली. नुसता नंबर लिहिला, तरी तेच. जुन्यासारखी हाताने 'थोरली' लिहिलेली चिठ्ठी लावली. सव्वीस वर्षं चाललेली ती चिठ्ठी आता तिला नको होती. शेवटी एका बाटलीला काहीच लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या बाटलीतल्या सगळ्या पेशींनी तळ सोडला होता. जिवंत होत्या, नुसत्या खाऊत तरंगत होत्या.

इनक्युबेटरमध्ये मिट्ट काळोख असतो. लेबलाची सावलीसुद्धा खाली पडत नाही. पेशींना डोळे नसतात, त्यांना वाचता येत नाही, हे ताईंना शाळेतल्या मुलालाही समजावता आलं असतं. तरी त्यांनी इनक्युबेटरचं दार जरा हलक्या हाताने लावलं.

औषधाच्या कपाटातली तयार इंजेक्शनं संपली होती. ठकीचं पुढचं इंजेक्शन वीस तारखेला. त्यासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंत फरशी भरायला हवी होती. आणि शनिवारी तर मोकळी जागा हाताच्या तळव्याएवढी झाली.

"आई, चेहरा का पाडलायस?" ठकीने घरी विचारलं आणि ताईंच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून घोट घेतला. "थोरली रुसली का?"

"ती रुसत नाही," ताई म्हणाल्या.

"मग काय झालं तिला?"

ताई स्वतःसाठी दुसरा चहा ठेवायला उठल्या.

४

सर आता पंच्याऐंशीचे होते. घराच्या गच्चीत उन्हाला खुर्ची टाकून बसलेले. ताईंनी सगळं सांगितलं आणि ते ऐकताना हसतील म्हणून तयारीही ठेवली. सर हसले नाहीत.

ताईंनी या माणसाला देव मानलं होतं असं म्हटलं तर ताई रागावतील, पण जवळपास तसंच होतं. रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या घरच्यांची चौकशी करणारा, हाताखालच्या माणसाने शोध लावला तर त्याचंच नाव वर घालणारा दुसरा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता.

"सर, तिचं नाव काय होतं हो?"

सर उठले. आत जाऊन एक वही घेऊन आले आणि शोधाशोध न करता नेमकं पान उघडलं. एकतीस वर्षं ते पान कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. नाव, वय चौतीस, 'एक मुलगी, वय सात.' ताईंनी ते नाव मनातल्या मनात म्हटलं. अगदी साधं नाव होतं. थोरलीला काही नाव असेल हे इतक्या वर्षांत आपल्या डोक्यात आलंच नाही, याची त्यांना लाज वाटली.

"मी तिला रोज भेटायचो," सर म्हणाले. "झोप लागली का, मुलगी कशी आहे, सगळं विचारायचो. गाठ ठेवून घेऊ का, हे तेवढं विचारलं नाही. लोकांना सांगताना मी सांगतो की तेव्हा तशी पद्धतच नव्हती, काढलेली गाठ फेकूनच द्यायची असते. ते खरंय. पण तुला खरं सांगू? मी विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती तर मला फेकावी लागली असती."

"आणि ती?"

"पाच महिन्यांनी गेली. बाटलीतली वाढत होती आणि ही पलंगावर... मी दोघींना एकाच दिवशी तपासायचो, पोरी."

ताईंनी वही त्यांच्या हातातून घेऊन मिटली. त्यांच्याबद्दल वाटणारं प्रेम कणभर कमी झालं नाही, आणि रागही आला. दोन्ही एकदम वाटू शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

५

रविवारी सकाळी ताईंनी बारा नव्या बाटल्या भरल्या आणि कोऱ्या चिठ्ठ्यांवर ते नाव लिहून चिकटवलं.

सोमवारी त्यांनी काचेतून नेहमीची हाक मारली नाही. बाटली काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि आधी त्यांना काही दिसलंच नाही. फरशी रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. त्यांनी बाटली हळूहळू सरकवत चिठ्ठीखाली आणली.

सगळ्या तिथे होत्या. बाटलीतल्या झाडून सगळ्या पेशी त्या नावाखाली गोळा झाल्या होत्या. जागा पुरत नव्हती म्हणून एकमेकींवर चढल्या होत्या, आणि ढिगाचा वरचा थर छताकडे, म्हणजे चिठ्ठीकडे, उंचावला होता. थोरलीच्या पेशी एकमेकींवर कधीच चढत नाहीत. सव्वीस वर्षांत नाही.

ताईंनी डोळा बाजूला घेतला आणि स्टुलावर बसून राहिल्या. खोलीत फक्त इनक्युबेटरची घरघर होती. पेशी थव्याने गोळा होण्याची तीन कारणं त्यांनी बोटांवर मोजली: तळ एका बाजूला कलला असेल, खाऊ शिळा असेल, बाटल्यांचा गठ्ठाच सदोष असेल. बाराही बाटल्यांत कललेला तळ चिठ्ठीच्याच दिशेला कसा, याचं कारण चौथ्या बोटावर काही येईना.

हाक मारली की माणूस दारात येतं. आल्यावर त्याला काहीतरी विचारावं लागतं. नुसतं दारात उभं करून ठेवणं बरं नव्हे, हे ताईंना समजत होतं.

६

त्या बाईची मुलगी शोधायला अवघड गेलं नाही. वहीत पत्ता होता, तिथल्या शेजाऱ्यांनी दुकान सांगितलं. चष्म्याचं दुकान. आत चष्म्याच्या काचा घासत बसलेली अडतीस वर्षांची बाई. ताईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. आपली लेक त्या औषधावर आहे हे सांगितलं नाही. सांगितलं तर ही बाई नाही कसं म्हणेल? आणि जिला नाही म्हणता येत नाही तिला विचारून काय उपयोग? रिक्षात बसून ताईंनी ते पक्कं ठरवलं होतं.

चष्मेवालीने काच पुसून खाली ठेवली. "आई आहे म्हणता तिथे?"

"आईची... हो. आहे."

"मला दाखवा."

गुरुवारी सकाळी ती आली. पांढरा डगला घातला, मायक्रोस्कोपवर वाकली आणि लगेच म्हणाली, "तुमची डावी काच मळलीय." खिशातून स्वतःचा रुमाल काढून तिने ती पुसली. मग पुन्हा वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

ताईंनी संमतीपत्र पुढे केलं. तिने ते वाचून परत सरकवलं.

"माझं काही हवं असेल तर सही करते. गाठ माझी नव्हती. आईचं आईला विचारा."

"त्या आता..."

"तुम्हीच म्हणालात ना, आहे म्हणून?" तिच्या आवाजात राग नव्हता. "आमच्या आईचं एक होतं. तिची वस्तू कुणी न विचारता उचलली की ती ओरडायची नाही. तळहात पालथा ठेवायची त्या वस्तूवर, आणि एवढंच म्हणायची, 'विचारलंस?' साधी कात्री असली तरी. मी, बाबा, शेजारीण, सगळ्यांना तेच. आणि विचारलं ना, की दोन्ही हातांनी द्यायची. आजन्म कुणाला नाही म्हणाली नाही. अंगावरची शाल काढून दिलीय तिने, मी पाहिलंय. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं असतं तर हसून दिली असती हो गाठ. वर विचारलं असतं, एवढीच पुरे का?"

ताईंना सरांची वही आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"विचारा," चष्मेवाली म्हणाली आणि पुन्हा काचेला डोळा लावला.

ताईंनी घसा साफ केला. स्वतःच्या प्रयोगशाळेत, भर सकाळी, एका बाटलीशी बोलायचं. सव्वीस वर्षं त्या रोज बोलत होत्या, पण तेव्हा उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांनी ते नाव घेतलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं न विचारता घेतलं, चुकलं आमचं. एक्केचाळीस मुलं आहेत. त्यांच्यासाठी घेऊ का?"

इनक्युबेटरची घरघर थांबली. ती अधूनमधून थांबतेच, ऊब पुरेशी झाली की.

"ताई," चष्मेवाली डोळा न हलवता हळूच म्हणाली. "सरकतायत."

पेशी सरकायला तास लागतात, डोळ्यांना ते दिसत नाही. ताईंनी तिला बाजूला करून स्वतः पाहिलं. त्यांना एवढंच दिसलं की ढिगाच्या काठावरची एक पेशी खाली उतरली, मग दुसरी, आणि मग सगळा ढीग एकदम पसरला, पाहुणा आल्यावर बाकावरची माणसं सरकून जागा करतात तसा. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. डोळे आपोआप मिटले होते.

जाताना चष्मेवालीने बाटली क्षणभर दोन्ही तळव्यांत धरली. ताईंनी तेव्हा तिला ठकीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत, ते कळलं मला. आईला तुम्ही आवडला असतात."

७

शुक्रवारी बाराच्या बारा फरश्या भरल्या, नावाखालीसुद्धा. छापील लेबलांचं बंडल ताईंनी कार्यालयाच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि यापुढे बाटलीवर काय लिहिलं जाईल ते शांतपणे सांगितलं. कार्यालयातल्या साहेबांनी आधी आवाज चढवला, मग ताईंचा चेहरा बघून उतरवला. त्या खेपेइतकं निर्मळ औषध आजवर निघालं नव्हतं. वीस तारखेला एक्केचाळीस इंजेक्शनं वेळेवर दिली गेली. सरांना ताईंनी फोनवर सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी सुट्टी होती. ठकी खिडकीपाशी टेबलावर कागद कापत बसली होती. गालांवर रंग आला होता. ताईंना दोरा तोडायचा होता, म्हणून त्यांनी तिच्यासमोरची कात्री उचलायला हात पुढे केला.

ठकीने तळहात पालथा करून कात्रीवर ठेवला.

"विचारलंस?"

आवाज ठकीचाच होता, नुसता शांत होता. इतका शांत ठकीचा आवाज ताईंनी जन्मात ऐकला नव्हता.

"घेऊ का?" ताईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

ठकीने कात्री उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरली. चेहऱ्यावर हसू होतं. मग तीच म्हणाली, "अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?" आणि पुन्हा कागद कापायला कात्री मागून घेतली. मागून घेतली.

मी घरात बोलले असेन, ताईंनी स्वतःला बजावलं. चष्मेवालीची गोष्ट जेवताना सांगितली असेन, पोरीने उचलली असेल, नकला करायची खोडच आहे तिला. त्यांना तसं सांगितल्याचं आठवत नव्हतं, पण माणूस विसरतं. हे कारण चांगलं होतं. ते घट्ट धरून त्यांनी दुपारपर्यंत घरकाम केलं.

दुपारी समोरच्या इस्पितळातून मोठ्या सिस्टरचा फोन आला. ती ताईंची जुनी मैत्रीण, थट्टेखोर. पण आज थट्टेचा सूर नीट लागत नव्हता.

"काय गं, या वेळी औषधात काय घातलंस? कालपासून रक्त तपासायला मुलांना बोलावतेय. सुई घेऊन जवळ गेलं की प्रत्येक पोर दंडावर हात ठेवतं आणि म्हणतं, 'विचारलंस?' एकाने दुसऱ्याचं बघून केलं म्हणावं, तर वेगवेगळ्या वेळी येतात ती. चार वर्षांचं पोरसुद्धा. ते तर अजून नीट बोलत नव्हतं."

खिडकीपाशी ठकी कात्री चालवत होती, कर्र कर्र. ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग? विचारलंस की काय होतं?"

"विचारलं की हसतात आणि दोन्ही हात पुढे करतात," सिस्टर म्हणाली. "मला एकच लागतो गं. पण सगळी दोन्ही करतात."